ग्रुलो रंगाची मुलगी

आमच्या घरात इंग्रजी भाषा 'जी' या अक्षराच्या मध्यापासून सुरू व्हायची. त्याच्या आधीचं इंग्रजी उंदरांनी खाल्लं होतं, की देवळाली कॅम्पातल्या कुठल्या बंगल्याच्या माळ्यावर राहून गेलं होतं, ते शालिमार चौकातल्या रद्दीवाल्यालाही सांगता आलं नाही. माझ्या वडिलांनी, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, तो अमेरिकन छापाचा जाडजूड शब्दकोश वजनावर विकत घेतला आणि सायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधून नाशिकरोडपर्यंत आणला. आईला लांबून वाटलं, चक्कीवरून दळण आलं. पुढचा पुठ्ठा नव्हता, सुरुवातीची शेकड्यांनी पानं नव्हती, उरलेल्याला वाळवीनं कडेनं नक्षी काढली होती. पण नानांचा आनंद असा, की त्यांनी चहा प्यायच्या आधी जुन्या धोतराचा तुकडा घेऊन त्याला कव्हर शिवायला घेतलं. शिवायला अर्थातच आईला बसवलं.

नाना मॅट्रिक झालेले. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये क्लार्क होते. नटबोल्ट, ग्रीस, हातमोजे कोणी किती नेले ते बघायचं, हे त्यांचं काम. इंग्रजीची हौस दांडगी, पण त्यांचं सगळं इंग्रजी त्या पुस्तकाच्या हद्दीतलं. 'इंडिस्पेन्सेबल' आणि 'प्रोक्रॅस्टिनेट' असले शब्द ते भाजी आणायला जाताना सहज बोलून जात. पण माझी धाकटी बहीण रत्ना शाळेतून आली आणि तिनं 'नाना, एफिशियन्सी म्हणजे काय हो?' असं विचारलं, की ते चष्मा कपाळावर सारून हवालदाराच्या गांभीर्यानं सांगायचे, "तो शब्द माझ्या हद्दीत येत नाही. तुझ्या बाईंना विचार." रत्ना मुद्दाम 'ए'पासून 'एफ'पर्यंतचेच शब्द गोळा करून आणायची. नानांना ते कळायचं, आणि कळलेलं ते दाखवायचे नाहीत.

उरलेल्या पहिल्या पानावर सगळ्यांत वरचा अख्खा शब्द होता 'ग्रुलो'. त्याच्या खालचा 'ग्रम्बल', म्हणजे कुरकुर करणं. तो नानांनी लगेच आईला देऊन टाकला. ग्रुलो मात्र स्वतःकडे ठेवला. तो घोड्याचा एक रंग. अंग पाटीसारखं राखी-निळसर, तोंड आणि पाय काळपट. शब्द मूळचा स्पॅनिश. तिकडे 'ग्रुला' म्हणजे करकोचा पक्षी. स्पॅनिश लोकांनी पक्ष्याचं नाव घोड्याला दिलं, ते घोडे घेऊन अमेरिकेत गेले, आणि तिथल्या गुराख्यांनी घोड्यांबरोबर त्यांचा शब्दही ठेवून घेतला. इंग्रजीत त्याला काम तेवढंच. इंग्रजीत आभाळ ग्रुलो नसतं, साडी ग्रुलो नसते. एवढ्या मोठ्या भाषेत त्या बिचाऱ्याला तबेल्याबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, आणि नानांना त्याचं फार वाईट वाटायचं. मग त्यांनीच त्याला आमच्या दोन खोल्यांत मोकळं सोडलं. ओलं सिमेंट ग्रुलो. भाकरीचा तवा ग्रुलो. पावसाळ्यात पांडवलेण्यांच्या डोंगरावर टेकलेले ढग ग्रुलो. एका हिवाळ्यात तर त्यांनी आम्हाला एसटीनं नांदूर मध्यमेश्वरच्या धरणावर नेलं, का, तर करकोचे बघायला. लांब, पाण्याच्या पार पलीकडे राखाडी रेघा उभ्या होत्या. नाना हात उंचावून म्हणाले, "बघा! अंग राखी, मान काळी. शब्द कसा नेमका आहे!" आई म्हणाली, "मला एवढंच दिसतंय की डबा उघडायची वेळ झाली." आम्ही तिथं बांधावर बसून बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि सुकटीचं कालवण खाल्लं, आणि ते पक्षी आमच्या वडिलांच्या इंग्रजीची अजिबात दखल न घेता चिखलात चोची मारत राहिले.

आमची कॉलनी रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर होती. मालगाडी गेली की भांड्यांच्या फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे, आणि आई बोलता बोलता थांबून गाडी संपल्यावर त्याच शब्दापासून पुढे बोलायची. सकाळी नोटांच्या प्रेसचा भोंगा झाला की चुली आणि स्टोव्ह पेटायचे, दुसऱ्या भोंग्याला गल्लीतले सायकलवाले निघायचे. थंडीत आई कुळथाचे शेंगोळे करायची. तळहातावर पीठ वळताना तिच्या बांगड्या मागे सारलेल्या असायच्या, आणि लसूण-जिऱ्याच्या वाटणाचा वास शेजारच्या तीन घरांना आमंत्रण देऊन यायचा. रविवारी मटण नसेल तर बोंबील तरी असायचेच. पण रविवारची माझी खरी आठवण वासाचीच असली तरी जेवणाची नाही. ती हळद, बेसन आणि दुधावरच्या सायीची आहे. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते. आई दर रविवारी मला मोरीत बसवून तो लेप माझ्या तोंडाला, मानेला, हातांना चोळायची. रत्ना आईवर गेली होती, गोरी. मी नानांवर गेले होते. नाना काळे होते म्हणून त्यांचं कुठं अडलं नव्हतं, पण ते पुरुष होते. लेप वाळला की तोंड ओढल्यासारखं व्हायचं, हसता यायचं नाही. आणि नेमकं तेव्हाच रत्ना दारात येऊन तोंडं वेडावायची.

तेवढं चोळून कुणाचा रंग उजळला असेल तर तो मोरीतल्या शहाबादी फरशीचा.

त्या वर्षी एक स्थळ आलं होतं. माणसं सभ्य होती. पोहे खाल्ले, चहा प्यायले, माझ्या कॉलेजचं विचारलं. निघताना मुलाच्या वडिलांनी नानांना दारापाशी बाजूला घेतलं आणि म्हणाले, "मुलगी नाकीडोळी नीटस आहे, शिकलेली आहे, पण…" त्या 'पण'च्या पुढे ते काही बोललेच नाहीत. नुसती मान हलवली आणि चपला घातल्या. मी आतल्या दाराशी होते. मला त्या माणसाचा राग आला नाही इतका त्या न बोललेल्या शब्दाचा आला. नाना त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. आले ते थेट शब्दकोश घेऊन बसले. त्या दिवशी त्यांनी आम्हाला एकही शब्द वाचून दाखवला नाही, आणि ताटावर बसले तरी घास चिवडत राहिले.

त्यानंतर काही आठवड्यांनी गंगूआत्या आली. ती आमची कोणी नव्हती. बुद्धविहारातल्या एका लग्नात आईशेजारी पंगतीला बसली होती, तेवढीच ओळख. राहणारी नांदगावची. तिच्या भावाचा मुलगा आनंद हा आईबापाविना तिनंच वाढवलेला, आणि आता हरसूलला सरकारी जनावरांचा डॉक्टर. त्याच्यासाठी ती मुली शोधत हिंडत होती. नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात कापडी पिशवी. आत येऊन तिनं घर असं न्याहाळलं, की आमच्या पत्र्याच्या डब्यांनाही पोटं आत घ्यावीशी वाटली असतील. मी कॉलेजातून यायची आहे असं आईनं तिला सांगितलं, पण खरं म्हणजे मी स्वयंपाकघरात होते. केस धुतलेले, ओले.

"पोरगी किती शिकली, भाऊ?" तिनं नानांना विचारलं.

"बीए होईल यंदा."

"घरकाम येतं?"

"येतं. तिच्या आईला विचारा."

"आन् रंग कसाय पोरीचा?"

मी मोरीच्या कठड्याला धरून उभी होते. आई काहीतरी सावरून घ्यायला तोंड उघडत होती, इतक्यात नानांचा आवाज आला, अगदी शांत, स्टोअरमध्ये मालाचं नाव सांगावं तसा. "ग्रुलो."

"काय म्हनले?"

"ग्रुलो. इंग्रजीत तसं म्हणतात."

गंगूआत्यानं कपातला चहा बशीत ओतला. हार मानून अर्थ विचारायचा, की माहीत आहे असं दाखवायचं, याचा तिनं मनाशी निवाडा केला असणार. मग ती म्हणाली, "आसं व्हय. मंग चांगलंच हाय की. आमच्या आनंदालाबी तसलीच पाह्यजे." आणि बशीतला चहा फुंकून प्यायली.

ती गेल्यावर मी बाहेर आले ती ओल्या केसांनिशी. "नाना, तुम्ही माझा घोड्याचा रंग सांगितलात?"

"तिनं विचारला, मी सांगितला."

"अहो, उंदरासारखा असंही लिहिलंय त्यात! मी वाचलंय."

"ते अर्थ देणाऱ्यांनी सोयीसाठी लिहिलंय. मुळात करकोचा आहे."

रत्ना पोट धरून खाटेवर लोळत होती. आई म्हणाली, "मला आधी एक सांगा, हा शब्द चांगला आहे का वाईट? म्हणजे रडायचं की गोड करायचं, ते ठरवते." मी चिडून म्हणाले, "सावळी म्हणायला काय झालं होतं? काळी म्हणायचं सरळ!" तेव्हा नानांनी चष्मा काढला. ते हळू बोलले, म्हणून मला ते नीट आठवतं. "काळी, सावळी, निमगोरी, हे सगळे शब्द लोकांनी वापरून वापरून मळवून ठेवलेत, सुजाता. कुठलाही घेतला तरी त्याच्यामागे एक 'पण' येतो. हा कोरा आहे. या शब्दानं आजवर आपल्याकडे कुणी कुणाला हिणवलेलं नाही." पण माझा राग गेला नव्हता. वडील प्रेमानं बोलले म्हणून वीस वर्षांच्या मुलीचा राग जात नसतो. उलट आता रागवायचीही सोय राहिली नाही, म्हणून तो वाढतो.

मध्यंतरी माझ्या नातीनं मोबाइलमध्ये तो शब्द शोधला आणि फोनमधल्या बाईनं तो म्हणून दाखवला. ती म्हणाली, "ग्रूयो." नात म्हणाली, "आजी, तुम्ही सगळे आयुष्यभर चुकीचं म्हणत होतात." मी म्हटलं, फोनमधल्या बाईला नाशिकरोडचं काय माहीत?

तर पुढे झालं ते असं. गंगूआत्या नांदगावला गेली आणि तिनं बाजारपेठेपासून स्टेशनापर्यंत सगळ्यांना सांगितलं, की आनंदासाठी ग्रुलो मुलगी मिळाली आहे. नांदगावनं आपापल्या समजुतीप्रमाणे अर्थ लावला. एकीला वाटलं, केतकीसारखा गोरा रंग असेल. दुसरीला वाटलं, पोरीचं घराणं परदेशात जाऊन आलेलं असेल. आनंद सुट्टीवर घरी आला तेव्हा आत्यानं त्यालाही सांगितलं. आणि इथं नशिबानं आमची चेष्टा केली. सबंध नाशिक जिल्ह्यात तो शब्द ऐकलेला बहुधा एकच माणूस असेल, आणि तो हाच होता. कॉलेजात शिकताना त्यानं घोड्यांच्या जातींवरचं एक इंग्रजी पुस्तक हौसेनं वाचलं होतं. आत्या सांगत होती तेव्हा त्यानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावलेला होता. तोंडातलं पाणी नाकातून आलं. पण त्यानं आत्याला अर्थ सांगितला नाही. फक्त म्हणाला, "ही मुलगी मला बघायचीच आहे."

पुढच्याच रविवारी दोघं आली. आईनं लेप दुप्पट चोळला होता, त्यामुळे मी सावळीच, पण वर थोडी पिवळी झाले होते. आधी रत्ना पाणी घेऊन बाहेर गेली. तिला पाहून गंगूआत्याचा चेहरा उजळला. "हीच ना?" आई घाईनं म्हणाली, "नाही नाही, ही धाकटी, शाळेत आहे." मग मी पोह्यांचा ट्रे घेऊन गेले. आत्यानं माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. ज्या दुकानातून निळं लुगडं बांधून घेतलं आणि घरी येऊन सोडलं तर दुसरंच निघालं, तिथं परत जाऊन बोलावं, तशा आवाजात ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही तं त्या दिशी येगळंच बोलले व्हते."

"वेगळं नाही, ताई. ग्रुलो म्हणालो होतो. हीच ग्रुलो."

आनंदचा पोह्यांचा घास घशात अडकला. तो खोकला, पाणी प्यायला, आणि अगदी अदबीनं म्हणाला, "माफ करा काका, पण त्याचा उच्चार ग्रूयो असा आहे. स्पॅनिशमध्ये दोन 'एल'चा 'य' होतो. आणि… म्हणजे घोडी असेल, तर ग्रूया म्हणतात."

"घोडी?" आत्या म्हणाली. "कोन घोडी?"

आनंदनं शक्य तितक्या मवाळ शब्दांत तिला अर्थ सांगितला. मी ट्रे धरून उभीच होते. आत्याच्या चेहऱ्यावर एकेक ओळख उगवताना मला दिसत होती. कुणाकुणाला आपण हे सांगितलं, ते सगळे तिला आठवत होते. "म्हंजी मी समद्या नांदगावात घोडीचा रंग सांगत हिंडले?"

नाना उठून उभे राहिले. मला वाटलं ते इंग्रजीत काहीतरी बोलतील. पण ते साध्या मराठीत म्हणाले, "ताई, रागावू नका. मागची माणसं रंग बघून परत गेली. तुम्ही तर मुलगी बघायच्या आधीच विचारलंत. मराठीत उत्तर दिलं असतं, तर तुम्ही आज आला नसतात. माझी पोर एकदा नीट बघितली जावी, एवढंच माझं म्हणणं होतं."

मला एकदम सगळ्यांचाच राग आला. विचारणाऱ्या आत्याचा, उत्तर देणाऱ्या नानांचा, हसू दाबणाऱ्या त्या डॉक्टरचा. मी ट्रे टेबलावर आपटला. पोहे उडाले. "मला कोणी काही विचारणार आहे का?" मी म्हणाले. बघायच्या कार्यक्रमात मुलीनं असं बोलायची पद्धत तेव्हा नव्हती. मी आनंदकडे वळले. "तुम्हाला शब्द माहीत होता, तर आलात कशाला? हसायला?"

"हसलो तर होतोच," तो म्हणाला. "पण यायचं कारण ते नाही. मला वाटलं, ज्या मुलीला घरच्यांनी असं म्हटलंय, तिला राग आलाय की नाही ते बघावं."

"आलाय."

"बरं झालं. मलाही आला असता."

"आणि मला बीएड करायचंय. लग्न त्याच्यानंतर. कुणाशीही असो."

"करा," तो म्हणाला, जसं काही मी त्याच्याकडे खिडकी उघडायची परवानगी मागितली होती.

पण गंगूआत्या तोवर पिशवी उचलून दाराशी पोचली होती. आनंद आमच्याकडे ओशाळं बघून तिच्या मागे गेला.

त्यानंतर आमच्या घरात इंग्रजी बंद झालं. शब्दकोश धोतराच्या कव्हरात बांधून कपाटावर गेला. नाना कामावरून यायचे, पाय धुवायचे, बसायचे. तवा नुसता तवा झाला, ढग नुसते ढग. रत्नानं एकदा मुद्दाम 'के'तला एक शब्द विचारला, त्यांच्या हद्दीतला, तर ते म्हणाले, "नंतर बघू." आई इतकी वर्षं त्या इंग्रजीवर कुरकुर करत आली होती, पण तीच एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, सांगा ना एखादा शब्द. घर कसं आजारी असल्यासारखं वाटतंय." नानांनी मान हलवली. म्हणाले, "माझ्या हौसेपायी पोरीचं स्थळ गेलं." तेव्हा मला कळलं, की माझा राग कधीच संपला होता आणि मी तो उगाच वागवत होते.

थोड्याच दिवसांनी आनंद एकटा आला. हरसूलच्या आठवडी बाजारातून आईसाठी नागलीचं पीठ घेऊन आला होता. आल्या आल्या म्हणाला, "काका, आत्या मुलीवर रागावलेली नाही. रंगावरही नाही. तिला नांदगावचे लोक हसतात. पाणवठ्यावर बाया विचारतात, घोडी कधी आणणार? ती बाहेर पडत नाही. तुम्ही एकदा येऊन भेटलात तर…" नाना लगेच म्हणाले, "येतो." मी म्हणाले, "मी पण येते." आईनं माझ्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही.

नांदगावच्या स्टेशनवर उतरून आम्ही चालत गेलो. आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. नाना पायरीखालीच उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "ताई, चुकलं माझं. लोकांत तुमचं हसू करायचं माझ्या मनात नव्हतं."

तिनं शेंगांचं सूप पुढ्यातून थोडं बाजूला सारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बस वं पोरी. उन्हाची आलीस." मी तिच्याशेजारी बसले आणि करायला काही नव्हतं म्हणून सुपातल्या शेंगा फोडायला लागले. आमचे हात शेजारी शेजारी चालत होते, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं, की तिचे हात माझ्यापेक्षाही काळे होते. घरी आली होती तेव्हा मी घाबरून तिच्या डोळ्यांकडेच बघत राहिले होते.

"माझं लगीन कसं ठरलं, ठाव हाय?" ती म्हणाली. "सासरची मान्सं दिवस बुडाल्यावर आली. घरात एकच कंदील, त्याचीबी काच काजळलेली. बापानं मुद्दाम पुसली नाय. सकाळी मांडवात सासूनं तोंड पाह्यलं, तं ती म्हनली, आमाला फसवलं. ते म्या बत्तीस वर्सं आयकलं, ती मरंस्तोवर." तिनं एक शेंग फोडली. दाणे कुजके निघाले, ते तिनं अंगणात फेकले. "म्हनून आधीच इचारते मी. नंतर कुनी कुनाला फसवलं म्हनू नये."

नाना ओट्याच्या कडेला बसले. त्यांनी नुसत्या चार शेंगा उचलल्या आणि फोडायला लागले. घरातल्या कामाला त्यांनी हात लावलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. ते शेंगा इतक्या वाईट फोडत होते, की आत्यानं थोडा वेळ सोसलं आणि मग त्यांच्या पुढ्यातून सूप ओढून घेतलं. "ऱ्हाऊ द्या भाऊ. दाने कमी आन् टरफलं जास्त करून ऱ्हायले तुम्ही." आनंद दारात उभा राहून हसायला लागला. मग आत्याही हसली, तोंडाला पदर लावून, आणि तिला हसू आवरेना.

"एक सांगा," ती डोळे पुसत नानांना म्हणाली, "तुमचा त्यो शबुद मान्साला लागतो का नुसता घोड्याला?"

"इंग्रजीत नुसता घोड्यालाच," नाना खरं ते बोलले.

"मंग इंग्रजीलाच कळत नाय," आत्या म्हणाली, आणि आत चहा टाकायला गेली.

मी बीएड केलं. आनंद थांबला. थांबला म्हणजे महिन्यातून एकदा काहीतरी निमित्त काढून नाशिकरोडला यायचा आणि नानांशी उच्चारांवरून वाद घालायचा. नानांनी शेवटपर्यंत 'य' मान्य केला नाही. जे छापलंय ते वाचायचं, असं त्यांचं म्हणणं. लग्न आमच्या कॉलनीतल्या विहारात लागलं. पांढरी साडी गंगूआत्यानंच येवल्याहून आणली होती. पांढऱ्या रंगात मी आणखी काळी दिसेन अशी आईला धास्ती, म्हणून ती आदल्या दिवशी बेसनाची वाटी घेऊन आली. मी ती तिच्या हातातून घेतली आणि भज्यांसाठी ठेवून दिली. आईनं पहिल्यांदा माझ्याकडे रागानं बघितलं, मग म्हणाली, "मग कांदा तरी चिर."

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदगावला पोचलो, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बाया ओट्यासमोर जमल्या होत्या. ज्यांनी तो शब्द ऐकला होता आणि ज्या त्यावर हसल्या होत्या, त्या सगळ्या. मी खाली मान घालून उभी होते. प्रवासानं पदर चुरगळलेला, भूक लागलेली. मागून कुणीतरी एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं आणि मोठ्यानंच म्हणाली, "काय वं गंगूबाई, तोंड वर कर म्हनावं सुनंला. रंग तं पाहू दे."

आत्या माझ्या आणि त्यांच्या मधे येऊन उभी राहिली. कमरेला पदर खोचून म्हणाली, "रंग पाह्यचा आसंल त्यानं रंगपंचमीला यावं. आज मही सून आलीय, तिला भूक लागली आसंल." आणि माझा हात धरून तिनं मला घरात नेलं.